हळदीच्या दिवसांतला एक शब्द

मेंढरं येतात तेव्हा आधी वास येतो. लोकरीचा, लेंड्यांचा, दवाने ओल्या झालेल्या घोंगड्यांचा. मग घंटांचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी धूळ. आज सकाळी मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. वास आला आणि पेपर खाली ठेवला.

"आले हो बाबा तुमचे पाहुणे," सूनबाई आतून म्हणाली. "आता स्वेटर घाला, काठी घ्या आणि जाऊन या. चहा करून ठेवते."

घरात अशी समजूत आहे की मला मेंढरांचा नाद आहे. साताऱ्याबाहेरच्या आमच्या या वसाहतीच्या खालच्या अंगाला अजून थोडी शेतं शिल्लक आहेत. थंडी सरता सरता जत, कवठे महांकाळकडचे धनगर तिथे रानात मेंढरं बसवतात. मी दर वर्षी जातो, त्यांच्याशी दोन शब्द बोलतो आणि परत येतो. म्हातारा माणूस आहे, असेल एखादा छंद, असं सगळे समजतात. मीही समजू दिलं आहे. ही होती तेव्हा तिलाही कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर सांगण्यासारखं माणूस उरलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

माघ-फाल्गुनातली सांगली ज्याने पाहिली आहे त्याला तो दुसरा वासही ठाऊक असेल. हळद शिजवण्याचा. शेताच्या कडेला चुलाण पेटलेलं, त्यावर मोठी कढई, कढईवर हळदीचाच पाला झाकलेला, आणि त्या पाल्यातून येणारी ओलसर, तुरट वाफ. चांगला म्हणावा असा तो वास नाही. मातीला ताप आला तर तिचा घाम असा येत असेल. त्या दिवसांत कपडे, उशा, रुग्णांच्या चादरी, सगळ्यांना तो चिकटलेला असे. बायकांच्या तळहातांवरचं पिवळं महिनाभर जात नसे. मी सत्तरच्या दशकात तिथे सरकारी नोकरीत होतो. मनोरुग्णांच्या इस्पितळात राहून मानसोपचाराचं शिक्षण घेऊन नुकता परतलो होतो. जिल्ह्यात त्या विषयाचा मी एकटाच. लोक मला 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणत. मला ते आवडत नसे, पण आपण एकटेच आहोत हे मात्र फार आवडत असे.

तेव्हा नवा फौजदारी कायदा आला होता. गुन्हा शाबित झाल्यावर शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यायचं, आणि फाशी द्यायची असेल तर तशी खास कारणं लिहायची, असं त्यात होतं. जुन्या वकिलांना ही कटकट वाटे. आमच्याकडचे न्यायाधीश मात्र मनापासून वागणारे होते. एका खुनाच्या खटल्यात त्यांनी मला हुकूम दिला : आरोपीला तुरुंगात भेटा, त्याची मनःस्थिती तपासा आणि हा माणूस पुढेही धोकादायक राहील का ते सांगा.

आरोपीचं नाव बिरू. जतच्याही पलीकडचा, अगदी कर्नाटकाला टेकलेल्या वाडीतला धनगर. आदल्या वर्षी याच हंगामात इस्लामपूरच्या बाजूला उसाच्या मोकळ्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. तिथे त्याने आपल्या चुलतभावाला, सिद्धूला, झोपेत कुऱ्हाडीने मारलं होतं. कारण असं, की देवाला सोडलेला एडका, म्हणजे मेंढा, सिद्धूने परस्पर खाटकाला विकला होता. सिद्धूची बायको आधीच वारली होती. मागे राहिली ती त्याची चार-पाच वर्षांची पोर, मायव्वा.

पोलिसांच्या कागदात एक गोष्ट होती. सकाळी गावातली माणसं रानात आली, तेव्हा बिरू बांधावर बसला होता. कुऱ्हाड बाजूला पडली होती. मायव्वा त्याच्या घोंगडीत होती आणि तो तिला मेंढीच्या दुधात भाकरी कुस्करून भरवत होता. माणसं ओरडली तेव्हा तो म्हणाला, "थांबा वाईच. हिचं हुंदे."

मी हे वाचलं होतं. वाचून मी शेजारी इंग्रजीत टिपण केलं होतं : पश्चात्तापाचा अभाव.

तुरुंगातली ती खोली कारकुनाची होती. खिडकीतून हळदीचा वास येत होता. बिरूला आणून खाली बसवलं. मी खुर्ची दाखवली तर तो खुर्चीकडे बघून हसला. उंच, हडकुळा, कानात बाळी. तुरुंगातले कपडे त्याला आखूड झाले होते.

"झोप लागते का?" मी विचारलं.

"लागती की. हितं मेंढरं न्हाईत, लांडगा न्हाई. कशापायी उठायचं?"

"किती मेंढरं आहेत तुमची?"

"हाईत देवाची."

"किती, ते विचारतोय."

"मोजत न्हाई जी आमी. दिसत्यात डोळ्याला."

मी लिहून घेतलं : माहिती लपवतो. त्यांच्यात मेंढरं मोजून तोंडाने आकडा सांगत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही. कानात कुणी बोलतं का, देव काही सांगतो का, असं विचारलं तर तो म्हणाला, "देव कशाला बोलंल? त्येला बोलायचं आसतं तर एडका इकताना सिद्धूलाच बोलला आसता."

दाराशी उभा असलेला हवालदार खुदकन हसला. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

थोड्या वेळाने बिरूच म्हणाला, "तुमी डागदर न्हवं? सुई न्हाई, गोळी न्हाई, नुसतं इचारायचं. बरं काम हाय गड्या."

"ए, सायबाला गड्या म्हंतोस व्हय रं?" हवालदार ओरडला.

"चुकलं जी. सवय हाय," बिरू म्हणाला, आणि खरोखरच ओशाळला.

वेडा तो नव्हता, हे पहिल्या भेटीतच उघड होतं. माझं खरं काम पुढेच होतं. इथे माझ्या मनातली एक गोष्ट सांगायला हवी. आधीच्या एका खटल्यात मी साक्ष दिली होती, 'असूही शकेल, नसूही शकेल' अशा प्रकारची. तेव्हा त्याच न्यायाधीशांनी सौम्यपणे म्हटलं होतं, "डॉक्टर, एवढं तर आम्हालाही कळतं." कोर्टात हशा झाला होता. तो हशा मी विसरलो नव्हतो. या वेळी ठाम काहीतरी सांगायचं, असं मी तुरुंगाची पायरी चढण्याआधीच ठरवलं होतं. फक्त ते काय असेल, तेवढं ठरायचं होतं.

शेवटच्या भेटीत हवालदार चहा सांगायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "समज, तुला सोडलं. मग काय करशील?"

"मेंढरं."

"आणि ती पोर? सिद्धूची?"

इतका वेळ तो माझ्याकडे बघून बोलत होता. आता त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग खालच्या आवाजात, मला नव्हे, खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाला. ते मी असं ऐकलं :

"कापीन की. मी न्हाई तर कोन? येकटी कशी सोडायची तिला?"

माझ्या अंगावर काटा आला. पण त्या काट्याच्या खाली कुठेतरी समाधानही होतं. हवं ते मिळालं होतं. 'काय म्हणालास, पुन्हा सांग,' एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. हवालदार कपबश्या घेऊन आला. मी चहा घेतला. बिरूने बशी दोन्ही हातांनी धरून फुर्रकन चहा प्यायला आणि म्हणाला, "ग्वाड हाय."

घरी येऊन मी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं : "मृताच्या मुलीविषयी विचारले असता आरोपी म्हणाला, 'तिलाही कापीन.'"

ते वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा मनात वाचलं असेल, सांगता येत नाही. 'कापीन' हे माझ्या कानाने ऐकलं होतं. 'तिलाही' कुणीच म्हटलं नव्हतं. वाक्य नीट व्हावं, वाचणाऱ्याला संदर्भ लागावा, म्हणून तो शब्द मी घातला. त्यातला 'ही' तर सर्वस्वी माझा. भाषा सुधारण्याची मला हौस होती.

कोर्टात त्या दिवशी पंखे बंद होते, थंडी अजून गेलेली नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, "डॉक्टर, या माणसापासून पुढे धोका आहे?"

"आहे," मी म्हणालो. या वेळी कुणी हसलं नाही.

आरोपीला सरकारने दिलेला वकील तरुण होता. त्याने मला एवढंच विचारलं, की आरोपी खेळीमेळीने बोलत होता ना? मी म्हणालो, "हो, आणि तेच जास्त काळजीचं आहे." हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

मग न्यायाधीश बिरूकडे वळले. "शिक्षेबद्दल तुला काही सांगायचं आहे?"

बिरू उभा राहिला. त्याने सगळीकडे पाहिलं. म्हणाला, "मायव्वाला कुटं ठिवलंय?"

कोर्टभर शहारा आला. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या वकिलाने 'राम राम' म्हटलेलं मला आठवतं. न्यायाधीशांचा चेहरा दगडासारखा झाला. "ते तुला सांगितलं जाणार नाही," ते म्हणाले.

"बरं," बिरू म्हणाला. "पर दूद द्या तिला. भाकरी कोरडी खात न्हाई ती."

हे शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. सगळे आधीच्या वाक्यात अडकले होते. मी ऐकलं. ऐकूनही मला काही कळलं नाही, किंवा मी कळू दिलं नाही. या दोन्हींतला फरक मला आता सांगता येत नाही.

फाशीची शिक्षा झाली. खास कारणांत माझं वाक्य होतं, अवतरणचिन्हांसकट. अशी शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणून कागद मुंबईला गेले. मायव्वाला दूरच्या कुठल्याशा अनाथाश्रमात पाठवलं. बिरूची म्हातारी आई तिला मागायला आली होती, असं नंतर कळलं. 'या घरापासून पोरीच्या जिवाला धोका आहे,' असं सांगून तिला परत पाठवलं गेलं. हे घर कोणतं, धोका कसला, हे त्या बाईला कुणी समजावून सांगितलं असेल का? ती तर नातीला न्यायला आली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, पावसाळ्याच्या अखेरीस, दवाखान्यात एक बाई आली. जतच्या बाजूचीच. तिच्या तरुण मुलाला झटके येत होते. मी त्याला तपासत असताना ती भिंतीला टेकून, डोळे मिटून, एकच शब्द परत परत म्हणत होती. "कापाडप्पा... कापाडप्पा तंदे..."

माझा हात थांबला. "काय म्हणताय बाई? कुणाला कापा म्हणताय?"

ती दचकली. मग तोंडाला पदर लावून तशातही हसली. "आवं डागदर, कापा न्हवं! द्येवाला म्हंते मी. कापाड. सांबाळ माज्या लेकराला. आमी घरात कानडी बोलतो न्हवं."

"कापाडणं म्हणजे सांभाळणं?"

"व्हय. राकणं. जपणं. आय लेकराला कापाडती, धनगर मेंढराला कापाडतो, तसं."

मी तिच्या मुलाला गोळ्या लिहून दिल्या. त्या बरोबर होत्या, हे मी नंतर तपासून पाहिलं. हात सवयीने काम करत होते. डोक्यात तो खिडकीकडचा आवाज होता. आता तो स्पष्ट ऐकू येत होता, मधल्या 'आड'सकट. कापाडीन की. मी न्हाई तर कोन? येकटी कशी सोडायची तिला? माणूस वाटेवरची भाषा वाटेवर बोलतो आणि मनाच्या तळातलं बोलायची वेळ आली की घरची भाषा तोंडात येते. घरच्या शब्दाला त्याने मराठी शेपूट लावलं होतं, माझ्यासाठी. मला कळावं म्हणून.

इथवरचं सगळं चुकीत मोडतं. ऐकण्यात चूक झाली, असं म्हणून मी स्वतःला कधीतरी माफही केलं असतं. पण त्या दिवशी बिरू जिवंत होता. कागद मुंबईला होते, निकाल लागायचा होता. एक अर्ज पुरला असता. त्या तरुण वकिलाला गाठून सांगितलं असतं, तरी पुरलं असतं.

मी माझ्या वरिष्ठांकडे गेलो. ते जेवण करून पान लावत होते. मी सगळं सांगितलं, 'तिलाही'तला तो 'ही' सोडून. त्यांनी पानाला चुना लावता लावता ऐकलं. "बसा," म्हणाले. "हे पाहा, खून त्याने केला आहे ना? झोपलेल्या माणसाचा केला आहे ना? मग. हायकोर्ट काय तुमच्या एका शब्दावर बसलंय? आणि उद्या सगळे म्हणतील, या डॉक्टरला आरोपीची भाषाही येत नाही, तरी साक्षी देत फिरतो. तुमच्या आधीच्या सगळ्या साक्षी उकरतील. कशाला?"

त्यांच्या बोलण्यात दम नव्हता, हे मला तिथेच कळत होतं. तरीही खुर्चीतून उठताना मला हलकं वाटलं. मी त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलोच नव्हतो. 'नको' हे दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायला गेलो होतो. त्यांनी मला पान दिलं, मी खाल्लं.

मग मी वाट पाहिली. काहीही न करता मनात म्हणत राहिलो, की हायकोर्ट जन्मठेप करेल. बांधावरची ती भाकरी-दुधाची गोष्ट कागदात आहे, कुणाच्या तरी नजरेला पडेलच. मी वाचून जे चुकवलं ते दुसऱ्या कुणीतरी वाचून बरोबर करावं, अशी माझी अपेक्षा होती. पण तिथेही ती गोष्ट माझ्या वाक्याच्या उजेडातच वाचली गेली असणार. जो पोरीला कापणार, त्याने तिला दूध भरवलं. केवढा थंड डोक्याचा माणूस! शिक्षा कायम झाली.

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या हळदीच्या हंगामात मी एका लग्नात जेवायला बसलो होतो. पंगतीत शेजारी तुरुंग खात्यातले ओळखीचे एक गृहस्थ होते. वाढपी जिलेबी घेऊन आला तेव्हा ते सहज म्हणाले, "तुमचा तो धनगर गेला हो. परवाच. काही त्रास दिला नाही त्याने. शेवटी कानडीत काहीतरी पुटपुटला म्हणे."

"काय पुटपुटला?"

"कुणाला कळतंय? आमच्यात कानडी येणारं कोण होतं?"

वाढपी थांबला होता. मी मान हलवली आणि त्याने माझ्या पानात जिलेबी वाढली. ती मी खाल्ली. बाहेर मांडवाजवळ कुणाच्या तरी शेतातून वाफेचा वास येत होता.

मायव्वाला मी शोधलं. खूप उशिरा, निवृत्त झाल्यावर. त्या आश्रमात एक बाई होत्या, त्यांना अशी एक मुलगी अंधुक आठवत होती. इथे आली तेव्हा कुणाला न कळणारी भाषा बोलायची, म्हणाल्या, मग बोलायचीच बंद झाली. पुढे कुठे गेली ते त्यांना सांगता आलं नाही. ती जिवंत असेल तर आता पन्नाशीच्या पुढची असेल. तिला लहानपणापासून एवढंच सांगितलं गेलं असेल, की तुझ्या बापाला मारणारा तुलाही मारणार होता, वेळीच फाशी गेला म्हणून तू वाचलीस. जगात तिला सांभाळीन म्हणणारा एक माणूस होता. तो तिच्या बापाचा खुनी होता, हेही खरंच. ती त्याच्याजवळ राहिली असती की नाही, त्याला माफ करती की नाही, ते तिने ठरवायचं होतं. ते मी ठरवून टाकलं.

बिरू निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्याने जे केलं ते भयंकर होतं. पण पुढे हा माणूस काय करेल, एवढंच मला विचारलं होतं, आणि त्याने त्याचं उत्तर एका शब्दात दिलं होतं.

सूनबाईने स्वेटर आणून दिला. मी काठी घेऊन खाली गेलो. रानात वाघूर लावायचं, म्हणजे जाळ्याचं कुंपण करायचं काम चाललं होतं. तट्टावरून उतरवलेली कोकरं उन्हात थरथरत उभी होती. मागच्या वर्षीचाच कळप होता. कारभारी पन्नाशीचा, दाढी पिकलेली. मला बघून हसला.

"या बाबा. आलासा?"

"आलो. तुमच्यात कानडी बोलतात ना? एक शब्द विचारायचा होता."

"कापाडणं?" तो म्हणाला, आणि आपल्या बायकोकडे बघून मोठ्याने हसला. "आगं, बाबांनी गेल्या साली बी हेच इचारलं! त्याच्या आदल्या साली बी! आवं बाबा, त्येच की. सांबाळणं, राकणं. दुसरं काय आसणार?"

"दुसरा काही अर्थ नाहीच का? तुमच्या गावात नसेल. दुसऱ्या कुठल्या गावात? वेगळा काही?"

"न्हाई बा. येकच हाय."

मी दर वर्षी विचारतो. जतचे, कवठे महांकाळचे, पार सीमेपलीकडचे, जे भेटतील त्यांना. एवढ्या वर्षांत एकही असा भेटला नाही जो म्हणाला, की आमच्याकडे त्याचा अर्थ कापणं असाही होतो.

ऊन वर आलं होतं. मी निघालो. रस्त्यावर ट्रक भरधाव जात होते. कारभाऱ्याची बायको एक कोकरू काखेत धरून कडेपर्यंत माझ्याबरोबर आली. रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाली, "जावा आता, दमानं. बिरोबा कापाडू दे तुमास्नी."

मी रस्ता ओलांडला. शब्द मला स्पष्ट ऐकू आला होता, मधल्या 'आड'सकट. या वेळी तरी तो मला चुकीचा, 'कापू दे' असा, ऐकू यायला हवा होता.